हौदाचा गुत्तेदार

भिंतीचा रंग उडाला तर फार तर पाहुणे नावे ठेवतात. हौद गळू लागला तर घरच्याच माणसांची तोंडे सुकतात. ज्यांच्या नळाला दिवसभर पाणी असते त्या भगिनींना हे पटायचे नाही. आमचे बीड म्हणजे बिंदुसरेच्या आणि माजलगाव धरणाच्या पाण्यावर भिस्त ठेवणारे गाव. नळाला पाणी रोज येत नाही. आले की अंगणाखालच्या हौदात भरून घ्यायचे आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे. हौद ही आम्हा गृहिणींची तिजोरीच म्हणा ना!

यंदा आमच्या तिजोरीला भोक पडले. पाण्याच्या पातळीवर रेघ ओढली, नळ आणि पंप बंद ठेवले आणि चोवीस तासांनी पाहिले, तो पाणी चार बोटे खाली! दोन गुत्तेदार येऊन हौद पाहून गेले. एक नोंदणीकृत, छापील कागदावर आकडा देणारा. दुसरा गल्लीतलाच मिस्त्री. त्याच्यापाशी कागद एकही नाही, पण आकडा 13,000 रुपयांनी कमी.

झाले! घरात दोन तट पडले. हे म्हणाले, "कागद नसलेल्या माणसाला उद्या धरायचे कुठे?" सासूबाई म्हणाल्या, "आपली खजाना विहीर बांधणाऱ्यापाशी कुठला परवाना होता रे?"

खजाना विहीर सोळाव्या शतकातली, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाच्या काळात सलाबतखानाने बांधवलेली. ती अजून उभी आहे हे खरे. पण ज्या विहिरी ढासळल्या, त्या पाहायला कोण जातो? तेव्हा मी दोन्ही तट सोडून चौकशीला लागले.

कळले ते असे. सार्वजनिक बांधकाम विभागात नोंदणी लागते ती सरकारी कामे घेण्यासाठी. खाजगी हौदाला गिलावा करणाऱ्या गवंड्याला असा परवाना सक्तीचा नाही. म्हणून त्याचा कागद न पाहता त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेले हौद पाहावेत आणि त्या घरच्या बायकांना विचारावे. पंपाच्या तारेची गोष्ट मात्र वेगळी. ओल्या जागी वीज, तिथे परवानाधारक वीज कंत्राटदारच हवा. नळजोडणीलाही नगरपरिषदेची परवानगी आणि परवानाधारक प्लंबर पाहावा.

ह्यांच्या शंकेलाही उत्तर मिळाले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. गुत्तेदाराला परवाना नाही म्हणून आपला हक्क बुडत नाही. पण करार नाही, पावती नाही, तर आयोगापुढे दाखवणार काय?

इतके झाल्यावर मिस्त्रीला होकार द्यायला हरकत नव्हती. पण तो म्हणाला, "काकू, दोन दिवसांत उरकतो. इंजिन लावून गाळ उपसतो, पोराला आत उतरवतो." त्याची घाई मला समजत होती. दिवाळी सरली की त्याची माणसे ऊसतोडीला जाणार. पण पोर जेमतेम सोळा वर्षांचे!

बंद हौदातला कुजका गाळ हवेतला प्राणवायू खातो. इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. आतला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच पडतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीतही पुरत नाही, कारण या वायूने दिवा विझत नाही.

मग मी अटी कागदावर लिहिल्या. इंजिन हौदाजवळ आणायचे नाही. झाकणे उघडी ठेवून पंख्याने बाहेरची हवा आत सोडत राहायची. उतरणारा माणूस सज्ञान हवा, त्याला दोर बांधलेला हवा आणि वर दोघे उभे हवेत. तो कोसळला तर दोराने वर ओढायचे, पाठोपाठ कुणी उतरायचे नाही. 112 ला फोन करायचा. उचल एकतृतीयांश, शेवटचा हप्ता हौद भरून रेघ चोवीस तास जागेवर राहिल्यानंतर. हाच कागद मी नोंदणीकृत गुत्तेदारालाही दाखवला, कारण हवेचा विषय त्यानेही काढला नव्हता. "इतके कोण पाहतो, ताई?" म्हणून तो हसला.

मिस्त्री हसला नाही. कागद घरी घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "पोराला वर उभा करतो, काकू. पण काम आठवड्यावर जाईल आणि पंख्याचे भाडे तुम्ही द्या." वाचलेल्या 13,000 मधून पंखा आणि वीज कंत्राटदार यांचे पैसे जातील, थोडे हातीही राहतील. ह्यांनी सही केली. भाऊबीज झाली की काम सुरू होईल. तोवर शेजारच्या वहिनींच्या हौदावर आमच्या दोन घागरी चालू आहेत!