आपला दगड काळा आहे

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या घरी एक परीक्षा झाली. परीक्षा लेकीची होती, पण धडा मिळाला आम्हाला.

लेक फोटोग्राफी शिकते. सरांनी काम दिलं होतं की, एखाद्या नामवंत छायाचित्रकाराच्या शैलीत निसर्गाचा फोटो काढून आणा. तिनं अमेरिकेचे ॲन्सेल ॲडम्स (१९०२-१९८४) निवडले आणि त्यांचा एक कृष्णधवल फोटो आम्हाला दाखवला.

तो फोटो १० एप्रिल १९२७ चा, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी इथल्या हाफ डोम या प्रचंड कड्याचा. पंचवीस वर्षांचे ॲडम्स जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन डोंगर चढले. कड्यासमोर पोहोचले तेव्हा दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून काढली. मग लक्षात आलं की, कडा पाहून मनात जो दरारा दाटला तो हिच्यात उतरणार नाही. शेवटच्या प्लेटला त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा उजळून उभा राहिला.

आम्ही म्हणालो, ‘‘सोपं आहे! आपला दौलताबादचा किल्ला आहेच. तासलेला उभा कडा, पावसानंतरचं निळं आकाश. लाव लाल फिल्टर, दे सरांना, मार्क घे.’’

तिनं तसंच केलं. फोटो छापून आणला. आम्ही ‘माशाअल्लाह’ म्हणालो. नानींनी मात्र चष्मा पुसून दोनदा पाहिला आणि विचारलं, ‘‘बेटा, यात किल्ला कुठाय? सगळा अंधारच दिसतोय.’’

खरंच होतं ते. योसेमिटीचा दगड फिकट ग्रॅनाइटचा, म्हणून तो काळ्या आकाशापुढे उजळतो. आपल्या दख्खनचा दगड काळा बेसॉल्ट. आकाशही काळं केल्यावर कडा त्यात बुडून गेला.

लेक रडवेली झाली. दोन दिवसांवर मुदत आली होती. आम्ही म्हणालो, ‘‘असू दे, आहे तोच दे.’’ ती ऐकेना. ‘‘अब्बा, ॲडम्सनी लाल फिल्टर का लावला ते मी बघितलंच नाही. मी फक्त फिल्टर उचलला.’’

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज झाल्यावर आम्ही दोघं तिला घेऊन पुन्हा निघालो. रस्त्याच्या कडेला ती बराच वेळ नुसती उभी होती. कोवळं ऊन बाजूनं कड्यावर आलं तेव्हा छिन्नीचे घाव न् घाव दिसू लागले. तिनं फिल्टर काढून ठेवला, आकाश फिकट राहू दिलं आणि काळा कडा त्यापुढे उभा केला. ॲडम्स यांच्या फोटोच्या अगदी उलट! पण तो फोटो पाहताना छातीत तसंच काहीतरी दाटलं.

तिनं सरांना दोन्ही फोटो दिले. पहिला का फसला, तेही लिहून दिलं. मार्क बरे मिळाले, अल्हमदुलिल्लाह. मोठा फोटो आता नानींच्या पलंगासमोर आहे.

वाचकहो, उस्तादाची नक्कल करायला हरकत नाही, शिक्षणाची सुरुवात तिथूनच होते. पण उस्तादाच्या हातातली वस्तू उचलण्याआधी त्यानं ती का उचलली, हे मुलांना विचारू द्या. आणि मुदत जवळ आली म्हणून ‘आहे तेच दे’ असं, आमच्यासारखं, म्हणू नका.