उडी एक, हिशेब तीन

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई शहापूरला राहते, मी टिळकवाडीत. एवढ्याशा अंतरासाठी ती फोन करत नाही, सरळ रिक्षा करून येते. त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे फोन उचलतानाच कळलं.

"अरे, तुझी भाची काय करूलालीय बघ! विमानातून उडी मारायला शिकणार म्हणे. वर त्यासाठी तीन लाख रुपये मोजणार. तूच समजाव आता तिला."

भाची अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्सला नोकरी करते. वय २७, एकुलती एक. भावोजी २०२१ च्या साथीत गेले. तेव्हापासून ताईचा सगळा जीव त्या पोरीत आहे. रात्री फोन यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी ती देवासमोर जाऊन बसते. अशा बाईला तुमची मुलगी १३ हजार फुटांवरून खाली उडी टाकणार आहे असं सांगितलं तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मी मामाचा अधिकार गाजवायच्या तयारीने भाचीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता ना? मग आधी हिशेब बघा, नंतर रागवा." आणि तिने एक भलामोठा तक्ता पाठवून दिला. वीस वर्षं वर्गात खर्च आणि लाभ शिकवणाऱ्या माणसाला कुणी असं आव्हान दिलं, तर तो कागद-पेन्सिल घेऊन बसणारच. मीही बसलो.

या खेळाला स्कायडायव्हिंग म्हणतात आणि नवशिक्याला त्यात शिरायचे मुख्य रस्ते तीन आहेत.

पहिला टँडमचा. यात अनुभवी प्रशिक्षकाच्या छातीशी तुम्हाला पट्ट्यांनी बांधतात आणि दोघांची उडी एकाच पॅराशूटवर होते. अर्धा तास सूचना ऐकायच्या आणि निघायचं. वर्तमानपत्रांत दिसणारे बहुतेक फोटो या उडीचे असतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली होती, तो फोटो वाचकांना आठवत असेल. पण त्यांची गोष्ट निराळी. २००४ साली उत्तर ध्रुवावर उतरलेल्या आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळालेल्या त्या कसलेल्या खेळाडू आहेत. टँडममध्ये आपण बहुतांशी प्रवासी असतो. भाचीच्या तक्त्यात याचा खर्च २५० डॉलर. फोटो-व्हिडिओचे आणखी सव्वाशे वेगळे.

दुसरा रस्ता स्टॅटिक लाइनचा. पॅराशूटला जोडलेला एक पट्टा विमानातच अडकवलेला असतो. तुम्ही बाहेर पडलात की पट्टा ताणला जातो आणि पॅराशूट आपोआप उघडतं. ही मूळची लष्करी पद्धत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे, त्या आपल्या बेळगावकरांना ती परकी नाही. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशच्या लढाईत टांगाइलला छत्रीधारी सैनिक उतरले, ती २ पॅरा मुळात मराठा लाइट इन्फंट्रीचीच पलटण. नागरी शाळेत हे शिक्षण साडेतीन-चार हजार फुटांवरून सुरू होतं. विमान छोटं चालतं आणि एकच प्रशिक्षक पाठोपाठ तीन-चार विद्यार्थ्यांना सोडू शकतो, म्हणून खर्च कमी. पहिल्या दिवसाचे २५० डॉलर, पुढच्या प्रत्येक उडीचे सुमारे ९०.

तिसरा रस्ता एएफएफ नावाच्या अभ्यासक्रमाचा. दिवसभर जमिनीवर शिकवणी होते. मग १३ हजार फुटांवरून स्वतःच्या पाठीवर स्वतःचं पॅराशूट घेऊन उडी. सुरुवातीच्या तीन पायऱ्यांत दोन बाजूंना दोन प्रशिक्षक तुम्हाला धरून असतात, पुढे एकच. जवळजवळ एक मिनिट ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली यायचं आणि ठरलेल्या उंचीवर आपल्या हाताने पॅराशूट उघडायचं. अशा सात-आठ पायऱ्या असतात. भाचीने सात पायऱ्यांचे १,८०० डॉलर धरले होते. सात मिनिटांच्या मोकळ्या पडण्याचे १,८०० डॉलर! पण एका विद्यार्थ्यामागे विमानातल्या तीन जागा, दोन प्रशिक्षकांचा मेहनताना, इतक्या उंचीवर जायचं इंधन आणि पॅराशूटचं भाडं, हे सगळं मांडलं की आकडा अवाच्या सवा वाटत नाही.

आता कुणीही म्हणेल, टँडम २५०, स्टॅटिक लाइन २५०, एएफएफ १,८००, मग तुलना झालीच की. इथेच बहुतेकांची फसगत होते. कार्यालयाच्या भाड्यावरून कुणी लग्नाचा खर्च काढतं का? शिकण्याच्या खर्चाची तुलना पहिल्या उडीच्या दराने होत नाही. आपल्याला जिथे पोहोचायचंय, तिथपर्यंतचा खर्च मांडावा लागतो.

पोहोचायचंय कुठे? अमेरिकेत युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन ही या खेळाची संघटना आहे. तिचा पहिला परवाना 'ए' लायसन्स. त्यासाठी किमान २५ उड्या, पॅराशूटची घडी घालता येणं, लेखी-तोंडी परीक्षा आणि शेवटी परीक्षकासोबत एक उडी. हा परवाना मिळाला की प्रशिक्षकाशिवाय उडी मारता येते. म्हणून तिन्ही रस्ते या २५ व्या उडीपर्यंत नेऊन पाहायचे.

टँडम इथे गळतो. काही शाळा पहिली टँडम उडी शिक्षणात धरतात, पण केवळ टँडम करत राहिलं तर परवाना मिळत नाही. एकदाच अनुभव घ्यायचा असेल त्याला मात्र हाच रस्ता सगळ्यांत स्वस्त, आणि त्यात कमीपणा काही नाही.

स्टॅटिक लाइनच्या पहिल्या उडीचे २५०, पुढच्या २४ उड्यांचे ९० प्रमाणे २,१६०, सभासदत्व, परवाना आणि घडी घालायच्या शिकवणीचे मिळून २५०. एकूण २,६६० डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरले तर सव्वादोन लाखांच्या थोडं वर.

एएफएफच्या सात पायऱ्यांचे १,८००. उरलेल्या १८ उड्यांपैकी पाच कोचसोबत, ११० प्रमाणे ५५०. तेरा एकट्याने, भाड्याच्या पॅराशूटसह ६५ प्रमाणे ८४५. वरचे २५० तसेच. एकूण ३,४४५ डॉलर, म्हणजे तीन लाखांना सात-आठ हजार कमी.

फरक ७८५ डॉलरचा. मी लगेच मामागिरी केली. "मग स्टॅटिक लाइनच कर की!" तर तिचं उत्तर तयार होतं. ही पद्धत आता थोड्याच शाळांत उरली आहे. तिच्या घराजवळ नाही. दर शनिवारी-रविवारी लांब गाडी हाकत जायचं, रात्री मुक्काम करायचा, म्हणजे एका खेपेला ९० डॉलर आणि अशा दहा-बारा खेपा. नऊ खेपांतच वाचलेले पैसे संपतात. वर वारा वाढला, ढग आले, तर न उडता परत यायचं. विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा कडक असते, आणि ती तशीच असायला हवी.

मग मी दुसरी खोच काढली. "पायरी नापास झालीस तर?" एएफएफमध्ये एखादी पायरी नीट जमली नाही तर ती पुन्हा करावी लागते, आणि त्या उडीचे वेगळे २०० डॉलर. दोनदा नापास म्हणजे ४०० डॉलर पाण्यात, असं मी लिहिलं होतं. भाची हसली. "मामा, नापास झालेली उडीसुद्धा २५ मध्ये धरतात." म्हणजे शेवटच्या दोन साध्या उड्यांचे १३० वाचले. दोनदा नापास होण्याची खरी किंमत २७० डॉलर. सीमांत खर्च शिकवणाऱ्या प्राध्यापकाला त्याच्याच विषयात पुरवणी परीक्षेला बसावं लागलं!

वाचकांपैकी कुणाच्या घरात असा विषय निघालाच, तर हा हिशेब करताना आणखी काही गोष्टी विचाराव्यात. सांगितलेल्या रकमेत पॅराशूटचं भाडं आहे की नाही? घडी घालून देण्याचे पैसे वेगळे आहेत का? एकरकमी पैसे भरले आणि मध्येच सोडलं, तर परत मिळतात का? पायरी पुन्हा केली तर किती? अपघात विम्याच्या आणि आरोग्य विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, तेव्हा आपली पॉलिसी काढून वाचावी. आणि परवान्यानंतर स्वतःचं पॅराशूट घ्यायची इच्छा झाली तर जुनंसुद्धा काही हजार डॉलरला पडतं, हेही डोक्यात असावं. व्यसन लागल्यावर दर विचारून उपयोग नसतो.

एका ठिकाणी मात्र काटकसर चालत नाही. प्रत्येकाच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव. राखीव पॅराशूटची घडी परवानाधारक रिगरच घालतो. ते वापरलं गेलं नाही तरी अमेरिकेत दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधावं लागतं. शिवाय एक छोटं यंत्र असतं. माणूस ठरावीक उंचीच्या खाली आला आणि तरीही वेगाने पडतच असेल, तर ते यंत्र राखीव पॅराशूट आपोआप उघडतं. दर कमी असलेल्या शाळेत हे सगळं कसं सांभाळतात, प्रशिक्षक मान्यताप्राप्त आहेत का, हे आधी विचारायचं आणि मग दर विचारायचा. धोका शून्य नाही. त्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत साधारण ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० माणसं गेली.

हिशेब संपला. पण पेन्सिल खाली ठेवली तेव्हा मला दुसराच एक कागद आठवत होता.

कॉलेजात मी एनसीसीत होतो. निवडक छात्रांना आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये उडी मारायला शिकवतात. मी त्यासाठी नाव दिलं होतं. पालकांच्या संमतीचा फॉर्म घरी आणला. आईने तो वाचला, घडी घातली आणि देवघराच्या फळीवर ठेवून दिला. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. मुदत गेली. त्या उडीला एक पैसा खर्च नव्हता. आज २८ वर्षं झाली, विमानाचा आवाज आला की मी अजूनही वर बघतो. वर्गात आपण संधीखर्च शिकवतो, म्हणजे एक गोष्ट निवडताना जी हातची जाते तिची किंमत. माझ्या त्या कागदाची किंमत मला कधी मांडता आली नाही.

संध्याकाळी ताईकडे गेलो. सगळा हिशेब तिच्यापुढे वाचला. घराच्या स्लॅबसाठी पोरीने वेगळे पैसे बाजूला काढलेत, हेही सांगितलं. ताई ऐकत होती, पण तिचं लक्ष आकड्यांत नव्हतं.

"पैशाचं नाही रे," ती म्हणाली. "माझं कोण उरलंय दुसरं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ३६ लाखांत १० हा आकडा आईला सांगायचा नसतो, एवढं कळायला एम.ए. व्हावं लागत नाही. मी त्या फॉर्मचं बोललो. ताईला तो आठवत होता. म्हणाली, "किती दिवस फळीवर होता. आई रोज दिवा लावताना त्याच्याकडे बघायची. सही करायला हात उचलायचा नाही, आणि फाडून टाकायलाही नाही."

हे मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होतो, की आईने तो कागद विसरून टाकला.

चहा झाला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ताईने विचारलं, "ती दुसरी छत्री म्हणालास, ती कितीला पडते?"

"वेगळे पैसे नाहीत ताई, भाड्यातच आहे."

"मग तिला सांग, ती छत्री जिथं नीट घडी घालतात तिथंच जा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि खाली उतरली की आधी मला फोन. मग तिकडे किती का वाजले असेनात."

मी तीन रस्त्यांची तुलना दोन पानं भरून केली होती. ताईने ती एका प्रश्नात केली.

ऑक्टोबरात, तिकडचा उन्हाळा ओसरला की, भाचीची पहिली उडी आहे. अ‍ॅरिझोनात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. त्या रात्री मी शहापूरला ताईकडे जाऊन बसणार आहे. दोघांनी मिळून फोनची वाट बघू.