विश्लेषण : विमान प्लायवूडचे, सराव खरा! स्कायडायव्हिंगला ‘नकली दार’ का हवे?

सप्टेंबर २०२५. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये टुली येथे सेसना कॅराव्हॅन विमान १५ हजार फुटांवर होते. १६ जणांनी आकाशात एकत्र येऊन रचना साकारायची, असा बेत होता. पहिला स्कायडायव्हर दाराबाहेर सरकत असताना त्याच्या राखीव पॅराशूटची मूठ पंखाच्या फ्लॅपला अडकली. पॅराशूट तिथेच उघडले, विमानाच्या शेपटीला गुंडाळले गेले आणि तो शेपटीखाली लटकत राहिला. जवळच्या हूक नाइफने ११ दोऱ्या कापून त्याने सुटका करून घेतली आणि मुख्य पॅराशूटवर तो किरकोळ दुखापतींसह उतरला. वैमानिकानेही शेपटीला इजा झालेले विमान सुखरूप खाली आणले. डिसेंबरमध्ये तपास अहवालासोबत आलेली चित्रफीत जगभर फिरली. लोकांना लक्षात राहिला तो चाकू. खरे तर पाहायला हवे होते दाराकडे.

विमानाबाहेर पडणे इतके अवघड का?

बघणाऱ्याला वाटते, दार उघडले की उडी मारायची. प्रत्यक्षात कॅराव्हॅनचे मालवाहू दार उंचीला आणि रुंदीला जेमतेम चार फूट. त्यात ताठ उभे राहता येत नाही. पाठीवर मुख्य आणि राखीव अशी दोन पॅराशूट, छातीवर मुठी, मागे रांगेत उभे असलेले सहकारी, इंजिनाचा आवाज आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासचा वारा. अशा जागी वाकून, वळून, बाहेरचा दांडा धरून पाय नेमक्या जागी ठेवायचा असतो. तेही कुठलीच मूठ कशालाही घासू न देता.

बाहेर पडल्यावर शरीर लगेच सरळ खाली जात नाही. सुरुवातीला वारा समोरून, म्हणजे विमान ज्या दिशेने चालले आहे तिकडून येतो. त्यामुळे छाती जमिनीकडे नव्हे, तर विमानाच्या नाकाकडे करून निघावे लागते. पुढच्या दहा-बारा सेकंदांत वाऱ्याची दिशा हळूहळू खालून येऊ लागते आणि वेग ताशी सुमारे १९० किलोमीटरवर स्थिरावतो. नवशिक्या खाली पाहतो, खांदा झुकतो आणि तो कोलांट्या खाऊ लागतो. शिकाऊ उमेदवाराची पहिली दहा सेकंदे वाया जातात ती बहुधा अशी.

ही कल्पना आली कुठून?

सैन्यातून. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये मँचेस्टरजवळच्या रिंगवे येथे ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा त्यांच्या वाट्याला व्हिटली बॉम्बर आले. उडी मारायची ती विमानाच्या तळाला असलेल्या गोल भोकातून. शरीर जरा पुढे झुकले की समोरच्या कडेवर तोंड आपटायचे. सैनिक त्याला विनोदाने ‘घंटा वाजवणे’ म्हणत. नाक फुटण्याची ही सवय मोडायची तर जमिनीवर सराव हवाच होता. अमेरिकेत फोर्ट बेनिंगला ३४ फूट उंच मनोऱ्यावर विमानाचे नकली दार बसवले गेले आणि पट्ट्यांनी बांधलेला जवान तारेवरून खाली घसरत जाऊ लागला. उंचीही विचारपूर्वक ठरवलेली : भीती वाटावी, पण हाड मोडू नये.

खेळातले नकली विमान त्याच्या उलट, अगदी ठेंगणे असते. तिथे भीती घालवण्यापेक्षा हातापायांच्या जागा पाठ करून घ्यायच्या असतात.

ते बनवतात कसे?

काही ठिकाणी भंगारात निघालेल्या विमानाचा मधला भागच आणून ठेवतात. ते उत्तम, पण तसे विमान मिळणे नशिबाचे. नाहीतर चौकोनी लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर जाड प्लायवूड, खाली रबरी गादी किंवा वाळू. चांगल्या सुताराला आणि वेल्डरला हे काम मुळीच जड नाही. जड आहे ते माप घेणे. दाराची उंची-रुंदी, चौकटीच्या कडेचा बाक, आतला आणि बाहेरचा दांडा, कॅमेरावाल्याची पायरी, छताची उंची हे सारे खऱ्या विमानावर टेप लावूनच घ्यावे लागते. छायाचित्रावरून अंदाजाने केलेले दार दिसायला छान आणि कामाला घातक. दांडा चार बोटे खाली बसला, तर शंभर वेळा सराव केलेला हात आकाशात नेमका चार बोटे चुकीच्या जागी जाईल.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. सांगाडा दाराच्या चौकटीपाशी संपत असेल, तर फ्लॅप तिथे नसतोच. टुलीला मूठ अडकली ती नेमकी त्याच भागात. नकली दार असते तर अपघात टळलाच असता, असे कुणी म्हणू नये. पण ज्या कडेला मूठ घासू शकते ती कड सरावात हाताला लागलीच नाही, तर तिच्यापासून जपायचे कसे कळणार? पंखाच्या मागच्या कडेची एक फळी जास्त लावायला खर्च तो किती!

फायदा फक्त नवशिक्यांनाच?

नाही, उलट अनुभवी संघ या दारात जास्त घाम गाळतात. चौघांच्या रचना-स्पर्धेत एका फेरीला ३५ सेकंद मिळतात आणि घड्याळ विमान सोडताक्षणी सुरू होते. ‘रेडी, सेट, गो’वर चौघे एका दमात निघाले नाहीत, तर पहिली रचनाच उशिरा लागते. मोठ्या गटांत प्रश्न गुणांपुरता राहत नाही. जमिनीच्या हिशेबाने ९० नॉट वेगाने जाणारे विमान दहा सेकंदांत सुमारे ४६० मीटर पुढे सरकते. पहिल्या गटाने दारात घोळ घातला, तर शेवटचा गट कुणाच्या तरी शेतात किंवा विजेच्या तारांजवळ उतरणार. शिवाय सगळे शेपटीकडच्या दारापाशी गोळा झाले की विमानाचा तोल मागे जातो. कोण कुठे थांबणार, याच्या खुणा नकली विमानाच्या फरशीवर रंगवून ठेवल्या तर ही गर्दी आवरता येते.

वारा मात्र प्लायवूडमध्ये आणता येत नाही. त्यासाठी विंड टनेल आहे. पण टनेलला दार नसते, हेही लक्षात ठेवावे.

भारतात काय करता येईल?

आग्र्याच्या हवाई दलाच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये उडीआधी जमिनीवरील सरावाची शिस्त जुनी आहे. हौशी क्षेत्र त्या मानाने लहान. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतल्यानंतर मराठी घरांतही हा खेळ माहीत झाला. पण हरियाणातील नारनौलसारखी ठिकाणे मोजकी, बाकी बराचसा मामला उज्जैनसारख्या धावपट्ट्यांवरील हंगामी शिबिरांचा. प्रशिक्षकाला बांधून घेऊन टँडम उडी मारणारा पर्यटक थोड्याशा सूचना ऐकून विमानात चढतो. पाय मागे, मान वर, कंबर पुढे, हे तोंडी ऐकणे वेगळे आणि चार फुटी चौकटीत करून पाहणे वेगळे.

म्हणून हंगामी शिबिरांसाठी नट-बोल्टने जोडता येणारे, टेम्पोत मावणारे दार हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. परवानगी देताना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानाच्या कागदपत्रांसोबत हे दारही पाहावे. ते त्याच विमानाच्या मापाचे आहे का, हेसुद्धा. कारण कॅराव्हॅनला दार डावीकडे मागच्या बाजूला असते. सेसना १८२ ला ते उजवीकडे असते आणि तिथे चाकावरच्या पायरीवर पाय ठेवून पंखाचा तिरका दांडा धरावा लागतो. एकाचा सराव दुसऱ्याला चालत नाही. शिबिरासाठी विमान बदलले की टेप पुन्हा काढावी लागते.