अंधार चार वाजता पडतो

गेल्या मार्च महिन्यात आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मारहाण, पोटगी, व्यसन यांपैकी त्यांची कसलीच तक्रार नव्हती. त्या म्हणाल्या, "ताई, मुलीला परत बोलवायचं की नाही यावरून घरात रोज भांडण चाललंय. मला तिला बोलवायचं नाहीये. पण माझ्या म्हणण्याला घरात किंमत नाही."

मुलगी कॅनडातल्या एडमंटन शहरात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी गेली होती. त्या दोघींच्या परवानगीने, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, ही हकिगत लिहिते आहे. कारण आता तालुक्याच्या गावांतूनही मुली थंड देशांत शिकायला जाऊ लागल्या आहेत, आणि त्यांना 'आधार' द्यायचा म्हणजे काय करायचं याचा विचार आपण केलेला नाही.

झालं होतं असं. निघताना मुलीला घरच्यांनी तीन अटी घातल्या होत्या. फोनवरचं लोकेशन कायम चालू ठेवायचं, रोज दोनदा व्हिडिओ कॉल करायचा आणि अंधार पडायच्या आत खोलीवर परतायचं. तिसरी अट आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी पाळलेली आहे. पण एडमंटनमध्ये डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. मुलीचं प्रॅक्टिकलच साडेपाचला सुटायचं. त्यानंतर आठवड्यातले तीन दिवस ती एका दुकानात काम करायची. म्हणजे ही अट मोडल्याशिवाय तिला शिकणंच शक्य नव्हतं.

डिसेंबरमधल्या एका रात्री बसथांब्यावर तिचा फोन बंद पडला. उणे तीसच्या थंडीत फोनची बॅटरी अशी अचानक मान टाकते, हे तिथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. इथे तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. नकाशावरचा ठिपका थांबला आणि घरात हलकल्लोळ उडाला. वडिलांनी आईला शाळेत फोन केला, मग मामा, काका, मुलीच्या मैत्रिणी. दीड तासाने मुलगी खोलीवर पोचली, फोन चार्ज करून बोलली. तेव्हा 'हातपाय गारठले का गं' असं तिला कोणी विचारलं नाही. 'इतक्या रात्री कुठे होतीस?' असं विचारलं. दुकानातलं काम त्याच दिवशी बंद करायला लावलं.

मुलगी 'बरं' म्हणाली. त्यानंतर ती वेळेवर खोलीत असायची, ठरल्याप्रमाणे दोनदा कॉल करायची, हसून बोलायची. फेब्रुवारीच्या शेवटी तिच्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीने आईला कळवलं की ही सहा आठवडे कॉलेजात गेलेली नाही, दिवसभर पडून असते, धड जेवत नाही. एवढे दिवस ठिपका खोलीतच होता, त्यामुळे घरच्यांच्या मते सगळं ठीक चाललं होतं.

आईने तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" मुलगी म्हणाली, "सांगितलं असतं तर परत बोलावलं असतं ना."

माझा सगळा मुद्दा या एका उत्तरात आहे. खरं बोलण्याची शिक्षा म्हणून शिक्षण बंद होणार असेल, तर मुलगी खरं बोलणार नाही. मग आपण रोज कितीही वेळा तिचा चेहरा पाहिला तरी तिला आधार मिळत नाही.

या घरच्यांनी मुलीसाठी काही केलं नाही असं मुळीच नाही. घर तारण ठेवून कर्ज काढलं. आईने पाटल्या मोडल्या. भाजणी, मेथकूट, लोणची, गोधडी, स्वेटर असं सामान विमानाच्या वजनात बसवून दिलं. त्यामागची माया खरी होती. पण उणे तीसला आपल्याकडचा स्वेटर पुरत नाही. वारा धरून तापमान उणे २८च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. जानेवारी २०२४ च्या लाटेत तर एडमंटनमध्ये पारा उणे ४०च्याही खाली उतरला होता. तिथे लागतात जाड तळाचे बूट, वारा अडवणारा लांब कोट आणि आतून घाम शोषून न ठेवणारे कपडे, कारण सुती कपडा ओला झाला की अंग जास्तच गारठतं. हे सामान तिथेच घ्यावं आणि पहिल्या महिन्यातच घ्यावं. या मुलीने बूट घेतलेच नव्हते. घरी हप्ते चालू असताना बुटांवर एवढे पैसे कसे घालवायचे, असं तिला वाटलं. आणि घरच्यांनीही 'बूट घेतलेस का?' असं कधी विचारलं नाही.

थंडीइतकाच अंधारही बाधतो. डिसेंबरात जेमतेम साडेसात तासांचा दिवस, तोही वर्गात सरतो. अशा दिवसांत काही जणांना दर हिवाळ्याला नैराश्य येतं. झोप वाढते, कामात मन लागत नाही, माणसं नकोशी होतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८४ साली या आजाराचं वर्णन करून त्याला नाव दिलं. त्यावर उपाय आहेत. सकाळी अर्धा तास प्रखर दिव्यासमोर बसण्यापासून ते समुपदेशन आणि औषधांपर्यंत. ही मुलगी मात्र आपण आळशी झालो, कर्ज काढून शिकवणाऱ्या आईबापांना फसवतो आहोत, असंच समजत होती.

याच केंद्रात मी मुलगा परदेशी असलेल्या आयाही पाहिल्या आहेत. त्यांच्या मुलांना विचारलं जातं की जॅकेट घेतलंस का, जेवण जमतं का, नोकरीचं काय. अंधार पडायच्या आत घरी ये, असं त्यांना कोणी सांगत नाही. मुलाचं मन खचलंय का, हेही फारसं कोणी विचारत नाही, आणि तेही चूकच आहे. पण मुलाची काळजी त्याला तिथे टिकवण्यासाठी केली जाते. मुलीची काळजी तिला कधी माघारी आणायचं, या हिशेबाने केली जाते.

ही गोष्ट आजची नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. त्यावरही गोपाळरावांची नाराजी त्यांना सोसावी लागली. बायकोने शिकावं म्हणून हट्ट धरणारे गोपाळरावच पत्रांतून तिच्यावर संशय घेत होते आणि तिला टोचून बोलत होते. परक्या देशात आनंदीबाईंना ऊब दिली ती कार्पेंटरबाईंनी, ज्यांना त्या मावशी म्हणत. आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने गेल्या. आपण त्यांचं कौतुक करतो. त्यांच्या अंगावर पुरेसे कपडे होते का आणि ते घालायला त्यांना कोणाची परवानगी लागत होती, हे मात्र विचारत नाही.

आता आईविषयी. 'पालकांचा आधार' असं आपण म्हणतो, पण त्यातलं रोजचं काम बहुतेक घरांत आईच करते. हिवाळ्यात एडमंटनचं घड्याळ आपल्या मागे साडेबारा तास असतं. मुलीचा दिवस सुरू होतो तेव्हा इथे रात्र असते. जागरण आई करते, सकाळचा डबा करून शाळेतही तीच जाते. या बाईंची कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून सही होती. पाटल्या त्यांच्या होत्या, आणि स्त्रीधन बाईच्या पूर्ण मालकीचं असतं हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केलं आहे. तरी मुलीला बुटांसाठी शंभर डॉलर पाठवायचे तर त्यांना नवऱ्याला विचारावं लागत होतं. जिला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, ती मुलीच्या निर्णयामागे उभी कशी राहणार? म्हणून मी मुलीचा प्रश्न आणि आईचा प्रश्न वेगळा मानत नाही.

कोणी म्हणेल, मुलगी एकटी, परका देश, काळजी करायची नाही का? जरूर करावी. धोके खरे आहेत. घरमालकाचा त्रास, कामाच्या जागी पिळवणूक, रात्रीचा सुनसान बसथांबा, जवळच्याच माणसाकडून होणारी जबरदस्ती. पण यातल्या कुठल्याही संकटात सापडलेल्या मुलीला पहिली भीती वाटते ती 'घरी कळलं तर' याचीच. ही भीती घालवणं आपल्या हातात आहे. कधी मुलगी इतकी आजारी असते की तिने काही काळ घरी येणंच बरं. तेव्हा तिला आणावं, पण तिला विचारून, आणि बरी झाल्यावर परत जाता येईल असं वचन देऊन.

काही गोष्टी जाण्याआधीच करता येतात. कॅनडाच्या विद्यार्थी परवान्यासाठी फी आणि प्रवासखर्चाशिवाय वर्षाच्या निर्वाहाची रक्कम दाखवावी लागते. एकट्या विद्यार्थ्यासाठी क्वेबेकबाहेर ती १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर आहे. त्या पैशांतून कोट आणि बूट घेणं ही उधळपट्टी नाही, हे तिला तोंडाने सांगावं. सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास कॉलेजबाहेर काम करायला नोव्हेंबर २०२४ पासून परवानगी आहे, तेव्हा ती संध्याकाळी बाहेर असणार हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावं. कॉलेजात समुपदेशक असतात आणि ते प्रौढ विद्यार्थिनीचं बोलणं तिच्या संमतीशिवाय सहसा पालकांना कळवत नाहीत, याचा राग न मानता तिला तिथे जायला सांगावं. मनाच्या संकटात कॅनडात कुठूनही ९८८ हा क्रमांक लावता येतो, नोव्हेंबर २०२३ पासून. तो तिच्या फोनमध्ये आधीच असावा.

आणि आपल्या गटांनीही एक काम उचलावं. बचत गट, महिला मंडळं, सल्ला केंद्रं यांनी परदेशी शिकणाऱ्या मुलींच्या आयांना महिन्यातून एकदा एकत्र बसवावं. तिथे राहून आलेल्या एखाद्या मुलीला बोलवावं. आईच्या स्वतःच्या नावाचं खातं आहे का, त्यातून बाहेर पैसे पाठवायची पद्धत तिला माहीत आहे का, हेही तिथेच पाहावं. तिथल्या महाराष्ट्र मंडळांतल्या बायकांशी ओळख करून द्यावी, म्हणजे नव्या मुलीला पहिल्याच हिवाळ्यात हाकेच्या अंतरावर एखादी मावशी मिळेल.

या बाईंच्या घरी आम्ही दोनदा जाऊन बसलो. वडील वाईट नाहीत, घाबरलेले होते. मुलीने कॉलेजच्या समुपदेशकाची मदत घेतली, एक सत्र उशिराने ती पुन्हा वर्गात बसली. अंधाराची अट आणि ठिपका दोन्ही गेले. आता ती आठवड्यातून दोनदाच फोन करते. परवा बाई सांगत होत्या, "ताई, आता ती फोनवर रडतेसुद्धा." हे सांगताना त्यांच्या आवाजात समाधान होतं.