किती तासांचे फोटो?

धाकटीचा निकाह पुढच्या महिन्यात इथेच, त्र्यंबकेश्वरला आहे. जेवणाचा बेत ठरला, पत्रिका वाटून झाल्या. अडले ते फोटोग्राफरवर. नाशिकच्या एका स्टुडिओने दोन दर सांगितले. हळदीपासून वलीम्यापर्यंत दोन दिवस, दोन फोटोग्राफर, व्हिडिओ, ड्रोन आणि दोन अल्बम मिळून ८५ हजार. नाहीतर निकाहच्या दिवशी पाच तास, एकच माणूस, ३० हजार.

बडे अब्बांचे म्हणणे, खुत्बा आणि इजाब-कबूल मिळून निकाहला अर्धा तास लागतो, मग दोन दिवस कॅमेरा कशाला? हा इस्राफ नाही तर काय? मामूंचे म्हणणे, हा दिवस पुन्हा येणार नाही; पोरीची हौस मोडू नका. धाकटीला शिवणकामाचे दुकान टाकायचे आहे. मधल्या ५५ हजारांत पिको-फॉलची मशीन येते, हे तिच्याही डोक्यात होतेच. दोन्ही बाजू खऱ्या, म्हणून निर्णय होईना.

शेवटी आम्ही मोठीचा अल्बम काढला. चार वर्षांपूर्वी तिच्या लग्नात सगळे काही सांगितले होते. दोन हजारांवर फोटो. ड्रोनने टिपलेला मंडप आहे, मागे ब्रह्मगिरी आहे, बिर्याणीच्या देगा आहेत. पाने उलटता उलटता मोठीच म्हणाली, "यात दादी कुठे आहेत?"

दादी म्हणजे आमच्या अम्मी. त्या दिवशी त्या आतल्या खोलीत बायकांमध्ये पलंगावर बसून होत्या. तिथे पुरुष फोटोग्राफर गेला नाही, ते योग्यच होते. पण आत जाणारी दुसरी कोणी आम्ही नेमली नव्हती. पुढच्या रमजानच्या आधीच अम्मी अल्लाहला प्याऱ्या झाल्या. त्यांचा घरातला शेवटचा फोटो आधार कार्डावरचा आहे. यात स्टुडिओची चूक नव्हती. आम्ही तास मोजले, माणसे मोजली नाहीत.

फोटो जपण्याची गोष्ट निघाली की त्र्यंबककरांना दादासाहेब फाळके आठवतात. ३० एप्रिल १८७० रोजी ते इथेच जन्मले. सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा केला. सिनेमासाठी भांडवल उभे करायचे होते, तेव्हा त्यांनी कुंडीतले वाटाण्याचे रोप ठरावीक अंतराने टिपून, ते कसे वाढते याची छोटी फिल्म करून दाखवली. कॅमेरा सारखा चालू नव्हता. नेमक्या वेळी टिपलेले पुरेसे झाले. पण १९१३ साली मुंबईत लागलेल्या त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची पूर्ण प्रत आज उरलेली नाही. वेळ नेमकी साधायची आणि टिपलेले जपायचे, या दोन्ही गोष्टी लग्नघरालाही लागू आहेत.

मग आम्ही कागद घेतला आणि दोन रकाने पाडले. एकात प्रसंग: इजाब-कबूल, निकाहनाम्यावरच्या सह्या, मेहर देताना, दुआ, रुख्सती. दुसऱ्यात माणसे: नानी, मालेगावच्या फुफू, दोन्हीकडचे थोरले, रात्रभर कांदे चिरणाऱ्या शेजारणी. यादी झाली आणि उत्तर समोर आले. अस्रनंतर निकाह, इशानंतर रुख्सती; पाच तास पुरतात. बाहेर एक फोटोग्राफर आणि आत बायकांसाठी दोन तास एक मुलगी, तिचे आठ हजार. एकूण ३८ हजार. हळद आणि वलीम्याचे फोटो भाचा मोबाईलवर काढील. ड्रोन नको.

स्टुडिओशी बोलताना काही गोष्टी आम्ही कागदावर लिहून घेतल्या. वेळ नाशिकहून निघाल्यापासून धरायची की हॉलवर पोहोचल्यापासून? रस्ता जवळपास तीस किलोमीटरचा आहे, आणि श्रावणी सोमवारी तर फेरीच्या गर्दीने गाड्या अडतात. उशीर झाला तर वाढीव तासाचा दर काय? मूळ फोटो पेन ड्राइव्हवर कधी मिळतील? आणि सर्वांत महत्त्वाचे, आतल्या बायकांचे फोटो स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर किंवा जाहिरातीत जाणार नाहीत. ज्यांना फोटो नको, त्यांना आधी विचारून बाजूला बसवायचे. पाहुण्या बायकांनाही सांगून ठेवायचे की आत मोबाईल काढू नका. फोटो हाती आले की दोन प्रती करायच्या, एक आमच्याकडे, एक मुलीच्या सासरी.

वाचक भगिनींनो, तुमच्याकडे हिशेब वेगळा असेल. कुणाला पूर्ण दिवस लागेल, कुणाला दोन तास पुरतील. दर ऐकण्याआधी यादी करा, एवढेच आमचे सांगणे. यादी आधी झाली की कोणते पैसे हौसेचे आणि कोणते दिखाव्याचे, ते घरात कुणाला समजवावे लागत नाही. बडे अब्बा आणि मामू दोघेही त्या कागदावर राजी झाले.

यादी वाचून दाखवली तेव्हा नानी म्हणाल्या, "माझा कशाला काढता? माझे काय आता फोटोचे वय आहे?"

धाकटी म्हणाली, "नानी, पहिले नाव तुमचेच आहे. त्या दिवशी तो हिरवा दुपट्टा घ्या."

नानींनी दुपट्टा कालच इस्त्रीला दिला.