सीट आधी, शायनिंग नंतर

वीकएंडला तुम्ही काय करता? मॉल, मूव्ही, लोणावळा, की सरळ बारा वाजेपर्यंत ताणून देता? माझं उत्तर ऐकलं की ऑफिसातली मंडळी क्षणभर गप्पच होतात. मी गाडीखाली असते. अगदी खरोखर! पाठीखाली जुना फ्लेक्स, केसांना ओढणी, कोपरापर्यंत ग्रीस आणि शेजारच्या काकूंचा कुंपणावरून रोजचा प्रश्न, 'अगं, अजून चालू नाही झाली?'

ही गाडी म्हणजे आमची टाटा मोबाइल २०६ पिकअप. १९९५ चं मॉडेल, एमएच-०६ पासिंग. खांदेश्वर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, खांदा कॉलनीतल्या आमच्या बैठ्या घराच्या अंगणात ती २०१२ पासून उभी होती. तिच्या हौद्यात आईनं कढीपत्ता लावला होता आणि बॉनेटवर वाळवणं पडायची. दोन-तीन पिढ्यांच्या मांजरांचं मॅटर्निटी होम तेच. थोडक्यात, गाडी सोडून बाकी सगळं होती ती.

मग नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी सिएरा आली. आमच्या फ्लोअरवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. त्या मागच्या काचा, ते नाइन्टीजचं फीलिंग वगैरे वगैरे. मी कॉफीचा कप खाली ठेवून म्हटलं, 'तिची आजी आमच्या अंगणात उभी आहे.' सगळे हसले. पण ते खरंच आहे, बॉस!

आजीची कुंडली

टाटा मोबाइल बाजारात आली १९८८ मध्ये. कंपनीचं नाव तेव्हा टेल्को होतं, टाटा मोटर्स हे नाव २००३ चं. तोवर मोठ्या ट्रकसाठी ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीनं कारसारखी केबिन असलेला पिकअप काढला. त्याच पिकअपच्या पायावर १९९१ मध्ये पहिली सिएरा उभी राहिली, पाठोपाठ इस्टेट आली आणि १९९४ मध्ये सुमो. म्हणजे ज्या सिएरासाठी आपण आज उसासे टाकतो, तिचं खानदान भाजीच्या क्रेट वाहणारं आहे.

आणि २०६ हा आकडा कुठून आला? ट्रक लाइनचा जुना फंडा आहे. पुढचा आकडा मालासकट एकूण वजन टनात, मागचा अश्वशक्ती साधारण दहाच्या पटीत. ४०७ म्हणजे चार टन आणि सत्तरच्या आसपास. २०६ म्हणजे दोन टन आणि साठेक. आजच्या एखाद्या साध्या हॅचबॅकलाही याहून जास्त पॉवर असते. त्या साठात बाबांनी तेरा वर्षं भाजी वाहिली.

मुंबईचा भाजीचा घाऊक बाजार १९९६ मध्ये वाशीला आला आणि आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी जणांना रात्रीचा धंदा मिळाला. बाबांनी १९९९ मध्ये ही गाडी सेकंडहँड घेतली. रात्री दोनला वाशी, साडेपाचपर्यंत परत, मग कामोठे, कळंबोली, खांदा कॉलनी इथल्या भाजीवाल्यांकडे माल उतरवायचा. मी उठायचे तेव्हा ते झोपायला आलेले असायचे.

तर माझ्या डोक्यात प्लॅन तयार! हौद्याला सागवानी फळ्या, केबिनला आइसक्रीमसारखा मिंट ग्रीन रंग, जुन्या पद्धतीची अक्षरं आणि शेवटी बाबांना सरप्राइज. पुण्याच्या दादानं फोनवर लगेच पाणी ओतलं. 'सरळ स्क्रॅपला दे. २०२१ पासून पॉलिसी आहे. सरकारमान्य सेंटरला दिलीस तर सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीची नोंदणी फी वाचते, टॅक्समध्येही सूट मिळू शकते.' दादाचं चुकीचं काहीच नव्हतं. म्हणूनच जास्त राग आला.

बाबा? ते पेपर वाचत होते. म्हणाले, 'बघ तुला काय जमतंय ते.'

आधी कागद, मग पाना

तुम्हालाही असलं वेड लागलं असेल तर पहिला वीकएंड पान्यांना हात लावू नका. आरसी काढा आणि चॅसिसवर ठोकलेला नंबर कागदाशी जुळतो का ते बघा. आमचा जुळला. त्यासाठी चॅसिसवरचा गंज घासायला मला दोन तास लागले, ते सोडा.

दुसरं, 'व्हिंटेज' म्हणून मिरवायची घाई नको. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची लागते. आमच्या आजीची पन्नाशी २०४५ मध्ये येईल, तोवर ती नुसतीच जुनी. त्यातून मालवाहू गाडी, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, विमा आणि पीयूसी झाल्याशिवाय रस्त्यावर चाक टेकवायचं नाही. रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी. मूळ रचनेत मनमानी फेरफार तर अजिबात चालत नाहीत, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते स्पष्ट केलंय. माझा मिंट ग्रीन इथेच फिका पडायला लागला होता.

मग गंज. आपल्याकडचा पाऊस आणि खाडीचा वारा पत्र्याला कसा खातो हे पनवेलकरांना सांगायला नको. पण आमची खरी चूक होती ताडपत्रीची. पावसाळ्यात गाडी घट्ट झाकली की पाणी आत जात नाही असं आपल्याला वाटतं. खरं तर आतली वाफ बाहेर पडत नाही आणि पत्रा आतून सडतो. दाराच्या खालच्या बाजूला पाणी वाहून जायला बारीक भोकं असतात, ती मातीनं बुजली होती. स्क्रूड्रायव्हर घातला तर पलीकडून निघाला! तिथे लांबी भरून वर रंग मारणं म्हणजे किडलेल्या दातावर लिपस्टिक. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, रेड ऑक्साइड मारायचा आणि मगच पुढे. वेल्डिंग मी केलं नाही, ते कळंबोलीहून बोलावलेल्या कारागिरानं केलं. बाकी घासकाम माझं.

इंजिन म्हटलं तर भीती वाटते, पण त्याचं शास्त्र संयमाचं आहे. तेरा वर्षं झोपलेल्या इंजिनला थेट स्टार्टर मारायचा नाही. टाकीतलं जुनं डिझेल काढलं (रंग काळ्या चहासारखा, वास विचारू नका), फिल्टर आणि ऑइल बदललं, इंजेक्टर काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं. आठवडाभर थांबून पान्यानं हातानंच इंजिन फिरवलं. पहिल्यांदा ते तसूभर हललं तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की काकू कुंपणाशी हजर!

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नाही. रबरं सगळी नवी, ब्रेक ऑइल नवं, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या लायनरची धूळ फुंकर मारून उडवू नका, त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्यांनी आधी विमा एजंटला फोन करावा. मी चारही बाजूंना जाड लाकडी ठोकळे लावूनच खाली शिरायचे.

पार्ट कुठे मिळतात? कुर्ला! हार्बर लाइन पकडायची आणि सीएसटी रोडवरच्या दुकानांच्या रांगेत शिरायचं. सुरुवातीच्या सुमोला हेच १९४८ सीसीचं डिझेल इंजिन होतं, त्यामुळे 'टाटा मोबाइल' म्हटल्यावर मान हलवणारे दुकानदार 'जुनी सुमो' म्हटल्यावर माळ्यावर चढतात. ब्रेक ड्रम मांडीवर घेऊन लेडीज डब्यातून खांदेश्वरला आले त्या दिवशी मला चौथी सीट कुणीही मागितली नाही.

बाबा बोलले

जानेवारी संपता संपता गाडी रंगाला तयार झाली. मी शेडकार्ड घेऊन बाबांसमोर बसले. 'मिंट ग्रीनची नोंद करून घेता येईल, नाहीतर मूळचा पांढरा. तुम्ही सांगा.'

त्यांनी शेडकार्डकडे बघितलंसुद्धा नाही. 'सीटचं काय करणारेस?'

'सीट शेवटी. वरून मस्त कव्हर टाकू.'

'कव्हर नको. सीट बघ.'

मी इतके दिवस त्या गाडीत शिरत होते, पण ड्रायव्हरच्या सीटवर बसून असं काही बघितलंच नव्हतं. खाली गोणपाट होतं. त्याखाली आणखी एक गोणपाट. त्याखाली घडी केलेला टॉवेल, ज्यावरची फुलं मला लहानपणापासून पाठ होती. सगळ्यात खाली मोडलेली स्प्रिंग, टोक वर आलेली.

'किती वर्षं अशी होती?'

'मी घेतली तेव्हापासूनच. सेकंडहँड गाडी, आधीच्या मालकानं वापरून बसवलेली.'

'मग दुरुस्त का नाही केली?'

'दोन दिवस गाडी उभी ठेवायला लागली असती. दोन फेऱ्या बुडाल्या की हप्ता चुकतो.' मग जरा हसून म्हणाले, 'दर वर्षी म्हणायचो, दिवाळीनंतर करू.'

मंडळी, आमच्या ऑफिसात खुर्चीसाठी ट्रेनिंग असतं. खरंच! एचआरनं बोलावलेल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तासभर समजावलं होतं, कमरेला आधार कुठे हवा, गुडघे किती वाकवायचे. माझ्या खुर्चीला पाच लिव्हर आहेत. तरी मी 'बॅक पेन' म्हणून वर्क फ्रॉम होम मागते. आणि आमच्या घरात रोज सकाळी सहाला गरम पाण्याची पिशवी का भरली जायची, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, घराघरात भरतात.

मी ज्या गाडीला 'आठवण' म्हणून घासत होते, ती बाबांसाठी आठवण नव्हतीच. ती त्यांची ड्यूटी होती. आपल्याला मात्र जुनी वस्तू दिसली की आधी तिचा फोटो कसा येईल तेच सुचतं.

मिंट ग्रीन कॅन्सल, सागवान कॅन्सल. पुढच्या शनिवारी सीट उचकटून टेम्पोत टाकली आणि आम्ही दोघं कळंबोलीला गेलो. ट्रकच्या सीट भरणारे कारागीर तिथे बसतात. कारागिरानं विचारलं, 'बसणार कोण, मॅडम?' मी बाबांकडे बोट दाखवलं. त्यानं त्यांना एका फळीवर बसवलं आणि कमरेपासून मान आणि गुडघ्यापर्यंतची मापं घेतली. शिंपी घेतो तशी! बाबा एरवी हॉटेलात भाजी तिखट आहे हेसुद्धा सांगत नाहीत. त्या दिवशी ते अर्धा तास बोलत होते. फोम कमरेशी जाड ठेव. मांडीखाली कमी, नाहीतर क्लच दाबताना पाय अडतो. रेक्झिन नको, घामानं चिकटतं, जाड कापड लाव. तेरा वर्षांचं डिझाइन त्यांच्या डोक्यात तयार होतं, फक्त ऑर्डर द्यायची राहिली होती.

महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी सीट बसवली. डिझेल लाइनमधली हवा हातपंपानं काढली, हीटर प्लगला वेळ दिला, चावी फिरवली. पहिल्यांदा खोकला. दुसऱ्यांदा खोकला आणि धूर. तिसऱ्यांदा अख्खी गल्ली खिडकीत! बाबांनी गाडी अंगणातच चार हात पुढे घेतली, चार हात मागे घेतली आणि बंद केली. गेटबाहेर नाही, फिटनेस अजून व्हायचाय.

मी टाळ्या वाजवत दाराशी गेले तर ते उतरायला तयार नाहीत. पाठ टेकवून, डोळे मिटून बसलेले. म्हटलं, 'कशी झालीये?'

'बरी आहे,' म्हणाले. आमच्या घरात याहून मोठी दाद नसते.

आता रोज सकाळचा चहा आणि पेपर तिथेच असतो. कढीपत्ता कुंडीत गेलाय, मांजरं नाराज आहेत. फिटनेसची तयारी चालू आहे, हेडलाइटचं वायरिंग माझ्या डोक्यावरून जातंय. दादानं सर्टिफिकेटचा विषय बंद केलाय, उलट पुढच्या महिन्यात येऊन 'जरा बसून बघतो' म्हणाला. आणि गाडी अजून रेड ऑक्साइडच्या लाल-तपकिरी रंगातच उभी आहे, त्यामुळे काकूंना नवा प्रश्न मिळालाय, 'रंग कधी गं?'

बाबांना विचारलं. पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, 'दिवाळीनंतर करू.'