संघातील जागा कोणाची?

शाळेच्या फळ्यावर संघाची यादी लागली की मुकुंदवाडीच्या मजूर-कारागिरांच्या घरांत एकच प्रश्न निघतो, 'आपल्या पोराचे नाव आहे काय?' खोखोत नऊ गडी मैदानात उतरतात, कबड्डीत सात, बाकीचे बाकावर. नाव त्या नवांत नसले की बाप म्हणतो, "ते मोठ्यांच्या पोरांचे काम. उद्यापासून माझ्याबरोबर कामावर चल." शेतकरी व कारागीर बंधूंनो, हे बोलणे अर्धे खरे आहे आणि अर्धे आपल्याच पायावर धोंडा पाडणारे आहे. दोन्हींचा खुलासा करणे आम्हांस जरूर वाटते.

खरे आहे ते आधी सांगतो. कसब न पाहता कूळ पाहण्याची खोड आपल्या देशात जुनी आहे. पालवणकर बाळू याची हकीकत प्रत्येक घरात मुलांस सांगितली पाहिजे. चर्मकार समाजात जन्मलेला हा गडी पुण्यास साहेबलोकांच्या क्लबात महिना चार रुपयांवर नोकरीस होता. रूळ फिरवावा, जाळी बांधावी आणि साहेब सराव करी तेव्हा तासन्‌तास गोलंदाजी करावी, हे त्याचे काम. फलंदाजीचा मान साहेबांचा. बाळूच्या वाट्यास चेंडू टाकणे तेवढे आले. तेच त्याने असे साधले की त्याच्यापुढे भलेभले टिकेनात.

पुण्याच्या हिंदूंच्या क्लबास गोऱ्यांना हरवावयाचे होते. तेव्हा बाळूस घ्यावे की न घ्यावे, यावर दुफळी माजली. अखेर घेतले. पण चहाची वेळ झाली की इतर गडी आत बसत आणि बाळूस बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. बाळूच्या हातचा चेंडू सर्वजण झेलीत होते, तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नाही. तो बुडत होता फक्त चहाच्या पेल्याने! असल्या धर्मास काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

सन १९११ साली हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला, तेव्हा बाळूने तेथे शंभराहून अधिक गडी बाद केले. इतके करूनही हिंदू संघाच्या कप्तानपदावर त्याची नेमणूक कधी झाली नाही. सन १९२० साली तर त्यास संघातूनच वगळले. तेव्हा त्याचे भाऊ शिवराम व विठ्ठल यांनी स्वतःच्या जागांवर पाणी सोडले आणि आपली तक्रार चारचौघांत मांडली. त्यानंतर बाळू संघात परत आला व उपकप्तान झाला. पुढे सन १९२३ साली विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला आणि त्या साली चौरंगी सामने हिंदूंनी जिंकले. तात्पर्य, या भावांस मान मिळाला तो एकट्या कसबाने नव्हे आणि एकट्या तक्रारीनेही नव्हे. अंगी कसब होते म्हणून तक्रारीस वजन आले, आणि तक्रार केली म्हणून कसबाची कदर झाली.

आज फळ्यापुढे उभे राहून जात विचारण्याची कोणाची छाती नाही. पण गरिबाच्या मुलास अडविण्यास दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत: बुटांचे पैसे, शिकवणीची फी, पालकांची ओळखपाळख. त्यातही सर्वांत मोठी अडचण वेळेची. सन २०१९ साली पाऊस लांबला, तेव्हा याच मुकुंदवाडीची लहान मुले आगगाडीने जाऊन औरंगाबाद स्टेशनावरून पाणी भरून आणीत होती. जाऊन येऊन सुमारे चौदा किलोमीटरांची ती खेप. ज्याचा दिवस हंड्यामागे गेला, त्याच्या नावापुढे सरावाच्या वहीत 'गैरहजर' असाच शेरा पडणार. मग 'हा मुलगा नियमित नाही' म्हणून त्यास बाकावर बसविणे यास न्याय म्हणता येईल काय?

आता दुसरी बाजू. 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून पोरास घरी बसविणारा बाप त्या पक्षपात्याचेच काम हलके करितो. मुलीच्या बाबतीत तर यादी लागण्याचीही वाट पाहिली जात नाही. चूल, भांडी आणि धाकटे भावंड यांतच तिचा सराव बुडतो. सन २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खोखोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुरुष व महिला दोन्ही संघांनी ती जिंकली. महिलांच्या संघाची कप्तान प्रियांका इंगळे ही मूळची आपल्या मराठवाड्याच्या बीड जिल्ह्यातली. या खेळास लागतात दोन खांब, एक मैदान आणि दम. दमाचा मक्ता काही कोणा एका जातीने घेतलेला नाही.

सबब आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. निवड उघड्या मैदानात, पालकांच्या देखत व्हावी. कोणी किती गडी मारले आणि कोण किती वेळ पळाला, याचा हिशेब यादीशेजारी फळ्यावर लिहावा. सरावाची वेळ ठरविताना नळाची आणि कामाची वेळ विचारात घ्यावी. यात शाळेस एका खडूपलीकडे खर्च नाही.

आणि वाचकांस आमचे सांगणे असे की, रोज दोन तास पोरास आणि पोरीसही कामातून मोकळे करा. निवडीच्या दिवशी एक खाडा पडला तरी चालेल, पण मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहा. हिशेबात तुमचे पोर पुढे असून मागे टाकले गेले, तर एकट्याने भांडू नका. चार घरे मिळून जा आणि कारण विचारा. पण दुसऱ्याचे पोर खरोखर सरस ठरले, तर ते कोणत्याही जातीचे असो, त्याची पाठ थोपटा आणि आपल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावास पाठवा. 'आमच्या जातीचा म्हणून घ्या' असे आम्ही कधी म्हणणार नाही, कारण मग बाळूस बाहेर बसविणाऱ्यांत आणि आमच्यात फरक तो काय राहिला?